शिळा, स्थळ आणि स्मृती : व्हायकिंगकालीन रूनशिलालेखांच्या वाचनाचा प्रश्न

प्रास्ताविक

व्हायकिंग हा शब्द उच्चारताच डोळ्यांसमोर उभी राहते ती लांबट नौका, लुटालूट आणि समुद्र. परंतु या समाजाने स्वतःविषयी स्वतःच्या भाषेत जे थोडेफार लिहून ठेवले, त्यातला फार मोठा भाग जमिनीवर, दगडावर आणि बहुतांशी घराजवळ लिहिलेला आहे. रून लिपीतील मजकूर कोरलेल्या या शिळांची स्कँडिनेव्हियातील संख्या तीन हजारांच्या घरात जाते. त्यांपैकी बहुसंख्य शिळा आजच्या स्वीडनमध्ये आहेत आणि एकट्या उपलँड प्रांतात त्या हजाराहून अधिक आहेत. डेन्मार्कमध्ये सुमारे अडीचशे आणि नॉर्वेत त्याहूनही कितीतरी कमी, अशी ही विभागणी आहे. काळाच्या दृष्टीने पाहिले तर अकराव्या शतकात, म्हणजे ख्रिस्ती धर्म या भूमीत रुजत असताना, या प्रथेला सर्वाधिक बहर आलेला दिसतो. जुन्या रून लिपीत २४ चिन्हे होती. व्हायकिंग काळात ती १६ वर आली. एकाच चिन्हाने अनेक ध्वनी दाखवले जाऊ लागल्याने वाचनात संदिग्धता वाढली आणि अभ्यासकांना दोन शतके पुरेल इतके काम मिळाले.

हे काम मोठ्या निष्ठेने झाले आहे, याविषयी शंका नाही. १९०० पासून स्वीडनमध्ये प्रांतवार प्रसिद्ध होत आलेली शिलालेखसंहिता आणि पुढे उप्साला विद्यापीठात सिद्ध झालेला रूनलेखांचा संगणकीय संग्रह यांमुळे आज जगातील कोणत्याही महाविद्यालयात बसून या लेखांचे लिप्यंतर आणि भाषांतर वाचता येते. मात्र या सोयीबरोबर वाचनाची एक विशिष्ट सवयही जडली. शिलालेख म्हणजे शब्दांची ओळ, आणि शिळा म्हणजे त्या ओळीचा कागद! शिळा कोठे उभी होती, तिच्याकडे कोणत्या बाजूने येता येत असे, तिच्या शेजारी काय होते, ही माहिती बहुधा नोंदीच्या एका रकान्यात जाऊन बसते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, रूनशिळांच्या बाबतीत स्थळ हा संहितेचाच भाग आहे आणि तो गाळून केलेले वाचन अर्थाच्या दृष्टीनेही अपुरे ठरते. त्यासाठी काही मोजक्या शिळांचा विचार येथे केला आहे.

‘पश्चात’ या शब्दाविषयी

बहुतेक रूनलेखांची रचना ठरीव आहे. अमुकाने ही शिळा अमुकाच्या स्मरणार्थ, आपल्या पित्याच्या, पुत्राच्या अथवा भावाच्या स्मरणार्थ, उभारली. पुढे क्वचित मृताविषयी एखादे वाक्य येते, ख्रिस्ती काळात आत्म्यासाठी प्रार्थना येते, कधी कोरणाऱ्याचे नाव येते. मूळ नॉर्स भाषेत ‘स्मरणार्थ’ या अर्थी जे शब्द वापरले जातात त्यांपैकी ‘एप्तिर’ या शब्दाचा सरळ अर्थ ‘नंतर’ किंवा ‘मागे’ असा आहे. इंग्रजी भाषांतरात त्याचे ‘इन मेमरी ऑफ’ होते आणि कालवाचक अर्थ लुप्त होतो. मराठीला मात्र हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या वर्तमानपत्रांतील निधनवार्तेत ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे’ असे वाक्य हमखास असते. तेथेही ‘पश्चात’ हा शब्द एकाच वेळी काळ सांगतो आणि नाते सांगतो.

फरक क्रमाचा आहे. निधनवार्तेत मृत व्यक्ती आधी येते आणि परिवार शेवटी. रूनलेखात परिवार आधी येतो. शिळा उभारणारा हा वाक्याचा कर्ता असतो आणि मृत व्यक्ती त्याच्या नात्याने, त्याच्यामागून येते. ही शिळा मृताची आहे असे आपण सहज म्हणतो, पण व्याकरण तसे म्हणत नाही. या क्रमाला केवळ लेखनसंकेत मानून पुढे जाणाऱ्या अभ्यासकांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. संकेत ज्या समाजात इतका दृढ असतो, तेथे तो काहीतरी काम करत असतो.

हे काम काय असावे, याचे टोकाचे उदाहरण टेबी येथील यार्लाबांके या जमीनदाराचे आहे. स्टॉकहोमच्या उत्तरेस असलेल्या या भागात अकराव्या शतकात त्याने अनेक शिळा उभारल्या, आणि त्या स्वतःच्याच स्मरणार्थ, स्वतः जिवंत असताना! त्यांवरील मजकुराचा आशय असा की, आपण हयातीत आपल्यामागे या शिळा उभारल्या, आत्म्यासाठी हा पूल बांधला आणि संपूर्ण टेबीचे आपण एकटेच मालक होतो. मृत्यूची वाट न पाहता केलेली ही स्मृतीची तरतूद आत्मश्लाघेची वाटते, आणि काही प्रमाणात ती तशी आहेही. परंतु तिच्यातील ‘हा पूल’ हे शब्द अधिक महत्त्वाचे आहेत. दर्शक सर्वनामाला समोर वस्तू लागते. छापील पानावर किंवा पडद्यावर ‘हा पूल’ असे वाचताना तो ‘हा’ निराधार होतो.

वाट, पूल आणि सभास्थान

ज्याला लेखात पूल म्हटले आहे तो आजच्या अर्थाने कमानींचा पूल नव्हे. नॉर्स ‘ब्रू’ म्हणजे ओलसर, दलदलीच्या जमिनीवरून दगड, माती, लाकूड टाकून केलेली उंचवट्याची वाट, आपल्याकडे जिला बांध म्हणता येईल अशी. यार्लाबांकेचा बांध सुमारे दीडशे मीटर लांबीचा होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना जोडीने शिळा उभ्या होत्या. म्हणजे प्रवासी कोणत्याही दिशेने आला तरी बांधावर पाऊल ठेवताना आणि उतरताना त्याला तेच नाव दिसावे, अशी ती योजना होती. मजकुरातील पुनरुक्ती हा भाषिक दोष म्हणून पाहिला तर कंटाळवाणा ठरतो. बांधावरून चालून पाहणाऱ्यास तो प्रवेश आणि निर्गम वाटतो. आज त्यांपैकी दोनच शिळा बांधापाशी आहेत, बाकीच्या आसपासच्या चर्चच्या आवारांत गेल्या. संहितेत चारही लेख सुरक्षित आहेत, पण त्यांच्यातील जोडीचा संबंध सुटला आहे.

बांधाचा उल्लेख करणारे रूनलेख शंभराहून अधिक आहेत. नॉर्वेतील हाडेलँड भागातील डिन्ना येथील शिळेवर गुन्नवोर नावाच्या आईने आपल्या आस्त्रिद या मुलीमागे बांध केल्याची नोंद आहे. ही मुलगी हाडेलँडमधील सर्वांत कुशल हातांची होती, असे ती शिळा सांगते. एका मुलीच्या हस्तकौशल्याची आठवण आणि चिखलातून कोरड्या पायांनी जाण्याची सोय या दोन गोष्टी एकाच वाक्यात येतात. ख्रिस्ती धर्माने असे बांधकाम पुण्यप्रद मानले आणि त्यामुळे त्यास चालना मिळाली, हे स्पष्टीकरण योग्यच आहे. तरी त्याने सर्व उलगडा होत नाही. स्मृती टिकवण्यासाठी ती इतरांच्या उपयोगाच्या वस्तूला बांधून ठेवण्याची ही युक्ती आहे. बांध वापरात असेपर्यंत, त्यावरून जाणारा प्रत्येक जण नकळत आस्त्रिदचे देणे लागतो. डिन्ना येथील शिळा आज ऑस्लोच्या संग्रहालयात आहे. तेथे तिच्यावरील ख्रिस्तजन्माची चित्रे अधिक बारकाईने पाहता येतात, हे मान्य करावे लागेल.

शिळा वाटेलगत असावी ही अपेक्षा लेखांतूनही व्यक्त होते. स्वीडनच्या सॉडरमनलँड प्रांतातील च्यूव्हस्टीगेन, म्हणजे ‘चोरवाट’, या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर स्तिरलोग आणि होल्म या दोघांनी पूर्वेकडील प्रवासात मरण पावलेल्या आपल्या भावांमागे शिळा उभारल्या. त्या वाटेजवळ उभारल्या, हे त्यांनी मजकुरातच नोंदवले आहे. वाचणारा वाटेवरच उभा असताना त्याला हे सांगण्याची गरज काय? गरज माहितीची नाहीच. जागेची निवड हे भावांचे कर्तृत्व आहे आणि ते कोरून ठेवावे असे त्यांना वाटले.

वाटेइतकेच सभास्थानाचे महत्त्व होते. वालेनतुना परिसरातील बेलस्टा येथे दगडांनी आखलेली एक चौकोनी जागा आहे आणि तिच्यापाशी दोन रूनशिळा उभ्या आहेत. उल्फ नावाच्या पित्यामागे त्याच्या मुलांनी येथे ‘थिंग’, म्हणजे लोकसभा भरण्याची जागा, सिद्ध केली. यापेक्षा मोठे स्मारक कोठे आढळणार नाही, असा मुलांचा दावा आहे. तंटे मिटवण्यासाठी जे जे लोक येथे जमतील त्या सर्वांनी उल्फच्या जागेत बसायचे, अशी ही व्यवस्था होय. येथील दुसऱ्या शिळेवर त्याची पत्नी गिरिद हिचा उल्लेख येतो. तिचे पतीवर प्रेम होते आणि तिच्या विलापातून त्याची आठवण राहील, अशा आशयाचे ते पद्यमय शब्द आहेत. शेकडो कोरड्या लेखांतून वाचत आलेल्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटते. तिच्या विलापाचा आवाज राहिलेला नाही. शिळांसोबत उभारलेल्या स्तंभाचाही उल्लेख लेखात आहे, बहुधा लाकडी असलेला तो स्तंभही आज नाही. स्मारक अनेक द्रव्यांचे होते आणि त्यातील दगड तेवढे आपल्यापर्यंत आले, ही गोष्ट दगडाचाच अभ्यास करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

यार्लाबांकेनेही सभास्थान केल्याचा दावा केला आहे, आणि त्या संपूर्ण तालुक्याचे आपण एकटे धनी असल्याचाही. एकाच परिसरात दोन सभास्थाने आणि दोन घराणी! या शिळा स्मृतीच्या आहेत तशाच स्पर्धेच्याही आहेत. कोणाची आठवण कोणत्या मोक्याच्या जागी उभी राहणार, याचा तो झगडा होता.

हिल्लेरशोचा लेख आणि वारसा

बिर्गिट सॉयर यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रूनशिळांचा संबंध वारसाहक्काशी जोडला. शिळा उभारणारी व्यक्ती ही बहुधा मृताच्या मालमत्तेवर हक्क सांगणारी असते, म्हणून तिचे नाव आधी येते आणि नाते काटेकोरपणे नोंदवले जाते, असे त्यांचे विवेचन आहे. वर उपस्थित केलेल्या क्रमाच्या प्रश्नाला हे आजवरचे सर्वांत समर्थ उत्तर आहे. शिलालेखांची ठरीव वाक्ये त्यामुळे सामाजिक इतिहासाची साधने बनली. त्यावर टीकाही झाली, कारण प्रत्येक शिळेमागे मालमत्ता शोधू लागले की श्रद्धा, प्रतिष्ठा, शोक यांना उरलेली जागा मिळते. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप थोडा वेगळा आहे, आणि तो सॉयर यांच्या भात्यातील सर्वांत प्रभावी बाणाच्या, म्हणजे हिल्लेरशोच्या लेखाच्या, आधारे मांडता येतो.

मेलारेन सरोवरातील एका बेटावर हिल्लेरशो येथे जमिनीतून वर आलेल्या अखंड खडकावर हा लेख कोरलेला आहे. उपलँडमधील हा सर्वांत दीर्घ रूनलेख. आरंभीच वाचणाऱ्याला उद्देशून आज्ञार्थी क्रियापद येते : वाच! त्यानंतर येते ती एका घराण्याची हकीकत. गेइरलौग ही कुमारिका असताना गेइरमुंडची पत्नी झाली. त्यांना मुलगा झाला. मग गेइरमुंड बुडून मरण पावला, त्यानंतर मुलगाही गेला. पुढे गेइरलौगने गुद्रिकशी विवाह केला. त्यांच्या मुलांपैकी एकच मुलगी जगली, तिचे नाव इंगा. इंगाचा विवाह स्नॉट्स्टा येथील राग्नफास्टशी झाला. तो मरण पावला आणि त्याच्यानंतर त्यांचा मुलगाही. मुलाचा वारसा इंगाकडे, म्हणजे आईकडे, आला. नंतर इंगाने एरिकशी विवाह केला आणि ती मरण पावली. तेव्हा इंगाचा वारसा गेइरलौगकडे आला. थोरब्यॉर्न या कवीने ही अक्षरे कोरली.

मालमत्ता खालून वर चढत गेली : नातवाकडून मुलीकडे, मुलीकडून आजीकडे. कायद्याच्या दृष्टीने हा लेख म्हणजे हक्काचा दस्तऐवज आहे आणि सॉयर यांचे वाचन येथे अचूक बसते. दुःखाचा एकही शब्द त्यात नाही. पण मृत्यूंची मोजदाद करून पाहावी. नवरा, मुलगा, दुसऱ्या विवाहातील मुले, जावई, नातू आणि शेवटी एकुलती उरलेली मुलगी. प्रत्येक मृत्यू ‘मग’ या एका शब्दाने पुढच्या मृत्यूला जोडलेला. वारसा मिळण्यासाठी जितकी माणसे मरावी लागली त्या सर्वांची नोंद हक्क सिद्ध करण्यासाठी करावी लागली. म्हणून हक्काची यादी आणि शोकाची यादी येथे एकच आहे. दोहोंपैकी एक निवडण्याचा आग्रह अभ्यासकांचा आहे, गेइरलौगचा नव्हे.

आता स्थळाचा विचार. हिल्लेरशोचा लेख अर्ध्याच स्मृतीचा आहे. उरलेली स्मृती दुसरीकडे, उपलँडच्या अंतर्भागात स्नॉट्स्टा आणि त्याजवळच्या व्रेटा येथे आहे. तेथे इंगाने आपल्या हयातीत पती राग्नफास्ट याच्यामागे एकाहून अधिक शिळा उभारल्या. त्यांपैकी एकीवर असे नोंदले आहे की, वडील सिगफास्ट यांच्यानंतर या वाडीचा तो एकटाच मालक होता. व्रेटा येथील शिळेवर, आपल्याला अपत्याचा वारसा मिळाला, असे इंगा सांगते. स्नॉट्स्टाची जमीन राग्नफास्टकडून त्याच्या मुलाकडे, मुलाकडून इंगाकडे आणि अखेर दूर बेटावरच्या गेइरलौगकडे गेली. जमिनीशेजारी उभी असलेली इंगाची शिळा जमीन कोणाची हे सांगते, तर आईच्या वाडीजवळचा खडक ती जमीन येथवर कशी आली ते सांगतो. एक लेख वाचून हे कथानक पूर्ण होत नाही. त्यासाठी दोन ठिकाणी जावे लागे, किंवा निदान दोन्ही ठिकाणे जाणणाऱ्या समाजाचे घटक असावे लागे. सॉयर यांचा सिद्धांत व्यक्ती, नाते आणि हक्क यांचे कोष्टक मांडतो. या कोष्टकाला भूगोल नाही, हा त्याचा खरा उणेपणा होय. ज्या जमिनीसाठी हे सारे लिहिले गेले, नेमकी तीच विवेचनात पार्श्वभूमी होऊन बसते.

हिल्लेरशोचा लेख खडकावरच असल्याने तो कोणाला हलवता आला नाही, हे आपले भाग्यच म्हणायचे.

दूर मरण पावलेले

थडगे नसलेल्या मृतांच्या बाबतीत स्थळाचा प्रश्न अधिक गहन होतो. काही रूनशिळा जुन्या दफनभूमीत उभ्या आहेत हे खरे. पण इंग्लंड, ग्रीस किंवा ‘सेर्कलँड’ म्हणजे मुस्लिम राजवटींच्या प्रदेशात मरण पावलेल्यांच्या शिळांजवळ देह असण्याचा संभवच नव्हता. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंगवार नावाच्या नेत्याने पूर्वेकडे काढलेली मोहीम सर्वनाशात संपली. तिच्यातील मृतांचा उल्लेख करणाऱ्या सुमारे २६ शिळा मुख्यतः मेलारेन सरोवराभोवतीच्या मुलखात विखुरल्या आहेत. ग्रिप्सहोल्म येथील शिळा तोला नावाच्या आईने आपला मुलगा हाराल्ड याच्यामागे उभारली. तो इंगवारचा भाऊ होता. सोन्यासाठी ते दूर गेले, पूर्वेत त्यांनी गरुडांना भक्ष्य दिले, म्हणजे शत्रू मारले, आणि दक्षिणेत सेर्कलँडमध्ये त्यांचा अंत झाला, असे तिच्यावरील पद्य सांगते. इंगवार तोलाचा मुलगा होता की नाही, याविषयी शिळा मौन बाळगते. मोहिमेचा नायक येथे केवळ हाराल्डची ओळख पटवण्यापुरता येतो.

या २६ शिळा नकाशावर मांडल्या की दूरदेशीच्या एका अपयशाची घरोघरची नोंद दिसू लागते. इतिहासकारांनी त्यांचा उपयोग मोहिमेचा मार्ग आणि काळ शोधण्यासाठी अधिक केला. वास्तविक त्या मोहिमेविषयी फार थोडे सांगतात. कोणत्या वाडीवरून कोण परत आले नाही, हे मात्र त्या स्पष्ट सांगतात. देह परदेशी राहिला असताना नाव तरी आपल्या शिवेत उभे असावे, यासाठी ती धडपड होती. आणि तोलाच्या शिळेचे पुढे काय झाले? एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ती ग्रिप्सहोल्मच्या किल्ल्यात उंबरठ्याचा दगड म्हणून वापरात असल्याचे आढळले. ती मुळात कोठे उभी होती, कोणत्या शिवेत हाराल्डचे नाव तिने परत आणले होते, हा दुवा तुटला.

शाप आणि संग्रहालय

शिळा हलवली जाईल, ही भीती तिच्या उभारणाऱ्यांनाही होती. दहाव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास डेन्मार्कमध्ये राग्नहिल्ड नावाच्या स्त्रीने दोन पतींमागे दोन शिळा उभारल्या, असे मानले जाते. फ्युन बेटावरील ग्लाव्हेनड्रुपची शिळा नौकेच्या आकारात मांडलेल्या दगडांच्या रांगेशी निगडित आहे. जो या शिळेची नासधूस करील किंवा दुसऱ्या कोणाच्या स्मरणार्थ ती ओढून नेईल, त्याला तिच्यावर शाप दिला आहे. शापातील मुख्य शब्दाच्या नेमक्या अर्थाविषयी मतभेद आहेत, रोख मात्र स्वच्छ आहे. असाच शाप तिच्या दुसऱ्या शिळेवर आहे. दगडाची टिंब आणि नौकाकृती रचना यांसह ती उभारल्याचे राग्नहिल्ड तेथे सांगते. ही दुसरी शिळा ट्रिगेव्हेल्डे या नावाने ओळखली जाते, कारण पुढे ती तेथील जमीनदाराच्या वाड्यात नेण्यात आली. आज ती कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ज्या जागेवरून हलवू नये म्हणून शाप कोरला, ती जागा नावातूनही गेली आणि ज्या जागी शिळा नेली तिचे नाव तिला चिकटले. गाळलेल्या स्थळाचे यापेक्षा बोलके उदाहरण मिळणे कठीण.

तरीही संग्रहालयांना दोष देऊन भागणार नाही. मध्ययुगात चर्च बांधताना कित्येक रूनशिळा भिंतींत आणि उंबरठ्यांत गेल्या. उप्सालाच्या भव्य चर्चच्या भिंतींतही त्या सापडल्या आहेत. स्वीडनमध्ये युहानेस बुरेउस यांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात शिळांची पद्धतशीर नोंद केली आणि १६६६ मध्ये प्राचीन अवशेषांच्या रक्षणार्थ राजाज्ञा निघाली. त्यानंतरही तोडफोड थांबली नाही. हलवले म्हणून वाचले, अशा शिळा थोड्या नाहीत. पण वाचवण्याच्या कृतीतूनही वाचन घडते, याचे भान असावे. स्वीडनमध्ये खोदीव अक्षरे लाल रंगाने भरण्याची पद्धत आहे. मूळच्या काही शिळांवर लाल, काळ्या, पांढऱ्या रंगांचे अवशेष मिळाले असल्याने ती निराधार नाही. तथापि झिजलेल्या जागी कोणती रेघ भरायची आणि कोणती सोडायची हे रंगवणारा ठरवतो, आणि पर्यटकाच्या छायाचित्रात त्याचा निर्णय मूळ संहिता म्हणून उतरतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही स्थिती ओळखीची वाटावी.

येलिंग येथे प्रश्नाचे दुसरे टोक दिसते. हाराल्ड राजाने पिता गॉर्म आणि माता थ्यूरा यांच्यामागे दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेली मोठी शिळा, उत्खननांवरून दिसते त्याप्रमाणे, दोन विशाल टिंबांच्या मधोमध आपल्या मूळ जागीच उभी आहे. आईवडिलांचे नाव घेऊन लेख झपाट्याने हाराल्डकडे वळतो. सारा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकणारा, डेन लोकांना ख्रिस्ती करणारा तो हाच, असे ती शिळा सांगते. २०१३च्या आगेमागे नव्हे, तर १९९४ मध्येच हे स्थळ जागतिक वारसा ठरले होते. शिळांभोवती काचेची वेष्टने आली ती मात्र २०११ मध्ये. शिळा जागेवर आहे, पण तिला हात लावता येत नाही, पाऊस तिच्यावर पडत नाही. हवामानाने होणारी झीज पाहता हा निर्णय समर्थनीयच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कोरीव रेघांचे त्रिमितीय मापन करून या मोठ्या शिळेचा आणि लेबॉर्ग येथील शिळेचा कोरणारा एकच असावा, असा निष्कर्ष काढण्यात आला. लेबॉर्गच्या शिळेवरही थ्यूरा हे नाव येते. ती हीच राणी असेल तर अनेक शिळांवर उल्लेख असलेली ही स्त्री आपल्या पतीपुत्रांइतकीच सामर्थ्यवान ठरते. यंत्राने केलेले हे मापन अखेर दोन स्थळांनाच जोडते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

याच हाराल्डच्या ‘ब्लूटूथ’ या टोपणनावाचे तंत्रज्ञान आणि त्याच्या नामाक्षरांच्या दोन रूनचिन्हांची जोडाकृती आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. येलिंगच्या शिळेवर ते टोपणनाव नाही. हा उपयोग निरुपद्रवी आहे. विसाव्या शतकात जर्मनीतील नाझींनी रूनचिन्हे आपल्या गणवेशांवर चढवली, तो उपयोग तसा नव्हता, आणि वंशवादी गट आजही ती चिन्हे मिरवतात. येथे लेखाचा विषय केवळ विद्याविषयक राहत नाही. जमिनीपासून, वाटेपासून, गुन्नवोर आणि गेइरलौग यांच्यासारख्या नावांपासून सुटे केलेले अक्षर कोणाच्याही हाती लागते. वंशाच्या भव्य गतकाळाची द्वाही फिरवण्यासाठी ज्यांचा वापर झाला त्या शिळांवर प्रत्यक्षात काय आहे? दलदलीवरचा बांध, वाडीचा हक्क, न परतलेला भाऊ. स्थळासह वाचलेली शिळा अशा वापराला सहजासहजी वश होत नाही.

मूळ जागेविषयी एक शंका

वरील विवेचनावर एक आक्षेप येऊ शकतो. शिळा न हलताही स्थळ बदलते. हिमयुगानंतर स्कँडिनेव्हियाची भूमी हळूहळू वर उचलली जात आहे. व्हायकिंग काळी मेलारेन हे सरोवर नव्हते, बाल्टिक समुद्राचे आत शिरलेले पाणी होते आणि पाण्याची पातळी आजच्यापेक्षा सुमारे पाच मीटर उंच होती. नौकेतून येणाऱ्यास दिसावी म्हणून काठाशी उभारलेली शिळा आज शेताच्या मधोमध दिसते. मग मूळ स्थळाचा आग्रह कशासाठी? आक्षेप सबळ आहे, पण त्यामुळे प्रतिपादन बाधित होत नाही. शेताच्या मध्ये उभी असलेली शिळा प्रश्न विचारायला लावते, आणि त्या प्रश्नातूनच जुन्या किनाऱ्याचा शोध लागतो. उद्यानात ओळीने मांडलेल्या शिळा असा प्रश्न विचारत नाहीत.

दक्षिण स्वीडनमधील, पूर्वी डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या, स्कोने प्रांतातील हुन्नेस्टाडचा दाखला येथे उपयुक्त आहे. ओले वोर्म यांनी १६४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तेथील आठ शिळांच्या समूहाचे चित्र दिले आहे. त्यांपैकी दोहोंवरच लेख होते, काहींवर चित्रे होती, बाकीच्या कोऱ्या होत्या. अठराव्या शतकात समूह मोडला गेला. तीन शिळा पुढे मिळाल्या आणि त्या लुंड येथील संग्रहालयात ठेवण्यात आल्या. डिसेंबर २०२० मध्ये इस्ताडजवळ सांडपाण्याच्या नळासाठी खोदकाम चालू असताना आणखी एक शिळा मातीतून वर आली. तिच्यावर एकही अक्षर नाही, केवळ एका पशूची आकृती आहे. ती कोणती शिळा, हे वोर्म यांच्या चित्रावरून ओळखता आले, कारण त्या चित्रात लेख असलेल्या शिळांबरोबर लेख नसलेल्याही, त्या जशा मांडल्या होत्या तशा, एकमेकींशेजारी काढून ठेवल्या होत्या.